आई गावाकडची, लेक मुंबईची: भाषा आणि रीतीभाती आड येतात तेव्हा वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लग्न होऊन किंवा पोटापाण्यासाठी कणकवली, चाळीसगाव, वाशीम, सांगोला, जालना अशा भागांतून मुंबईत आलेल्या आया आणि भांडुप, दिवा, नालासोपारा, मानखुर्द इथे वाढलेल्या त्यांच्या मुली, अशा दोघींसाठी हे पान आहे. काही प्रश्न आयांचे आहेत, काही मुलींचे. म्हणून उत्तरांत कुठे ‘तुम्ही’ आहे, कुठे ‘तू’.

घरात दोघीही मराठीच बोलतो. मग भाषेची अडचण कसली?

दोघींची मराठी एक नसते. आईची मालवणी असते, अहिराणी असते, वऱ्हाडी असते. लेकीची मराठी शाळेतल्या एका तासाची, इमारतीतल्या हिंदीची आणि पुस्तकातल्या इंग्रजीची मिळून झालेली असते. मुलीला मालवणीत ‘चेडू’ म्हणतात, अहिराणीत ‘आंडेर’, वऱ्हाडीत ‘पोट्टी’. वाशीमकडची आई वर्गशिक्षिकेला मोठ्या कौतुकाने सांगते, “माही पोट्टी हुशार हाये.” मागच्या बाकांवर खसखस पिकते, कारण इंग्रजी माध्यमाच्या मुलांच्या कानाला हा शब्द भलताच लागतो. आईने कौतुक केलेलं असतं, मुलीला मेल्याहून मेल्यासारखं होतं, आणि घरी आल्यावर दोघीही गप्प राहतात.

पण आमच्या मते खरी अडचण याहून खोल आहे. तुमच्यात दिवसभरात काय काय बोलणं होतं ते एक दिवस कागदावर लिहून बघा. ऊठ, उशीर झाला, डबा घेतलास का, जेवलीस का, मोबाइल ठेव, केस बांध, किती वाजता येणार. बहुतेक घरांत यादी इथेच संपते. बोलणं हुकूम आणि चौकशी यांपुरतंच उरतं. मुलीला मराठी ‘येते’, पण भीती, प्रेम, पैसा, अपमान, राजकारण यांतलं काहीही आईशी बोलायला तिच्याकडे शब्द नसतात, कारण त्या विषयांवर ती आईशी मराठीत कधी बोललेलीच नसते. खालची बहुतेक उत्तरं ही यादी कशी वाढवायची याचीच आहेत.

मुलीला मराठी कळतं, पण उत्तर हिंदीत नाहीतर इंग्रजीत देते. सक्ती करू का?

करू नका. “मराठीत बोल, नाहीतर बोलू नको” असं म्हटलं की मुलं दुसरा पर्याय निवडतात.

त्याऐवजी असं करा. मुलगी म्हणाली, “आई, मला चार्जर नाही भेटला.” तुम्ही म्हणा, “नाही मिळाला? गादीखाली बघितलंस का?” बरोबर शब्द तिच्या कानावर पडला आणि बोलणं पुढे गेलं. “भेटला नाही, मिळाला म्हणतात” असं म्हणून थांबलात की चार्जर राहतो बाजूला आणि वाद सुरू होतो. पाहुण्यांसमोर तर चूक अजिबात काढू नका. मुली तेवढ्यावरून वर्षभर मराठी तोंडातून काढत नाहीत.

सगळ्याच चुका सुधारण्याच्या लायकीच्या नसतात. ‘मी बोलली’, ‘तो मला बोलला’ ही मुंबईची रुळलेली मराठी आहे, ती सोडून द्या. ‘ळ’कडे मात्र लक्ष द्या. ‘काळा’चा ‘काला’ आणि ‘बाळ’चा ‘बाल’ झाला की अर्थच बदलतो. ‘च’चंही तसंच. चहातला च वेगळा, चुलीतला वेगळा. हा फरक लिहून दाखवता येत नाही, ऐकूनच येतो. त्यामुळे हे तुम्हीच शिकवू शकता, कुठलंही ॲप नाही.

2020च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली आहे. म्हणजे अक्षरओळख शाळेत होते. बोलण्याची सवय मात्र घरातच लागते.

सुरुवात कोणत्या विषयापासून करावी?

आकड्यांपासून. रोज लागतात आणि त्यांत भावना दुखावत नाहीत.

आई सांगते, “पावणेआठची गाडी पकड.” मुलीला ‘आठ’ तेवढं ऐकू येतं, ती आठ वाजता फलाटावर पोचते आणि 7:45ची गाडी गेलेली असते. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच, साडे हे शब्द घड्याळावर शिकवा. मग तेच पैशांवर: पाऊणशे म्हणजे 75, सव्वाशे 125, पावणेदोनशे 175. एकोणचाळीस, एकोणपन्नास, एकोणसाठ यांत मुली हमखास अडकतात. ‘एकोण’ म्हणजे पुढच्या दशकाला एक कमी, एवढं एकदा समजलं की 39, 49, 59 सुटतात. बाजारातून आल्यावर भाजीचा हिशेब तिलाच मोठ्याने मांडायला सांगा. पंधरा-वीस दिवसांत फरक दिसतो.

‘परवा’ मागचाही असतो आणि पुढचाही. “परवा गेले” आणि “परवा जाऊ” यांत क्रियापदावरून कळतं, हे मुलीला कुणी सांगितलेलंच नसतं.

नंतर तिथी. आई “अवसेनंतर बघू” म्हणते तेव्हा मुलीला ती टाळते आहे असं वाटतं. आईच्या डोक्यात मात्र तारीख पक्की असते. भिंतीवरच्या कॅलेंडरवर अमावास्या आणि पौर्णिमा एकदा बोटाने दाखवा. आपला महिना अमावास्येला संपतो, उत्तर भारतात पौर्णिमेला. म्हणून शेजारच्या मैत्रिणीकडचा ‘सावन’ आपल्या श्रावणाच्या पंधरा दिवस आधी लागतो. तिच्या घरी उपास चालू आणि आपल्या घरी अजून आखाड, असं का होतं ते मुलीला यावरून नीट कळतं.

आई चारचौघांत ‘आनी’, ‘पानी’, ‘न्हाई’ म्हणते. मला लाज वाटते, आणि लाज वाटते याचंही वाईट वाटतं. काय करू?

आधी एक गोष्ट समजून घे. ‘न’ आणि ‘ण’ची अदलाबदल ही अडाणीपणाची खूण नाही. महाराष्ट्रात मोठ्या भागात पिढ्यान्‌पिढ्या असंच बोलतात आणि त्या बोलींना त्यांचं स्वतःचं व्याकरण आहे. शाळेची मराठी ही ठरवून घेतलेली एक बोली आहे. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांच्या तोंडची खानदेशी बोली मुलाने, सोपानदेवांनी, कागदावर उतरवली म्हणून ती आपल्यापर्यंत आली. ती ‘शुद्ध’ करून उतरवली असती तर तिच्यात काय उरलं असतं?

आता करायचं काय? आईचं वाक्य तिच्यासमोर दुसऱ्यांना ‘भाषांतरित’ करून सांगणं थांबव. ती दुकानदाराशी बोलत असेल तर तिला पुरं बोलू दे. मैत्रिणी हसल्या तर “आमच्याकडे असंच म्हणतात” एवढंच म्हण आणि पुढचं बोल. स्पष्टीकरण देत बसलीस की हसणं लांबतं.

शाळेच्या सभेत सगळे इंग्रजीत बोलतात. मी गप्प बसून परत येते.

सभेच्या आदल्या रात्री मुलीबरोबर बसून तीन प्रश्न ठरवा. तीनच. ते असे हवेत की उत्तर वहीत दाखवता येईल. उदाहरणार्थ, गणितात कोणत्या धड्यात गुण गेले, गृहपाठ किती वेळा अपुरा होता, वर्गात ती कुणाशेजारी बसते. “तिचं कसं चाललंय?” असं विचारलंत तर “बरं आहे, अभ्यास वाढवा” हेच उत्तर मिळेल. बोलायला सुरुवात मराठीत करा. शिक्षिका इंग्रजीत बोलू लागल्या तर “मराठीत नाहीतर हिंदीत सांगा” असं सरळ म्हणा. ही मेहरबानी नाही, तुमच्या लेकीची गोष्ट आहे.

मुलीला दुभाषी म्हणून शेजारी उभं करू नका. स्वतःबद्दलची तक्रार कोणती मुलगी पुरी भाषांतरित करेल?

महापालिकेची किंवा अनुदानित शाळा असेल तर शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि निम्म्या सदस्य स्त्रिया. समितीत नाव द्या. मुंबई महापालिकेच्या शाळा मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, तमिळ, तेलुगू, कन्नड आणि इंग्रजी अशा आठ माध्यमांत चालतात. सगळ्यांना इंग्रजी येत नाही म्हणून अडून बसणारी ही मुंबई नव्हे.

दवाखान्यात डॉक्टर हिंदी-इंग्रजीत बोलतात. मुलीला सोबत नेऊन तिच्याकडून सांगवलं तर चालेल?

ताप-खोकल्यासाठी चालेल. बाईच्या आजारासाठी लहान मुलीला दुभाषी करू नका. यावर आम्ही ठाम आहोत.

कारण असं की आई म्हणते “अंगावरून जातंय”, “पिशवीचा त्रास आहे”, “अंग बाहेर येतं”. बारा-तेरा वर्षांच्या मुलीला यांतलं एकही वाक्य नीट कळत नाही. कळलं तरी तरुण डॉक्टरसमोर सांगायची लाज वाटते. मग ती “पेट में दर्द है” एवढंच सांगते, आणि गोळी पोटदुखीची मिळते. पिशवी म्हणजे गर्भाशय. अंगावरून लाल जातं की पांढरं, हे वेगवेगळे आजार. अंग बाहेर येणं म्हणजे गर्भाशय खाली सरकणं. हे डॉक्टरांपर्यंत जसंच्या तसं पोचलं पाहिजे.

सोबत बहीण, जाऊ किंवा शेजारीण न्या. महापालिकेच्या रुग्णालयांत मराठी बोलणाऱ्या सिस्टर जवळपास नेहमी असतात, त्यांना मध्ये घ्या. निघण्याआधी चिठ्ठीवर लिहून घ्या: त्रास कधीपासून, महिन्यात किती दिवस, दिवसाला किती पॅड किंवा घड्या, आत्ता कोणत्या गोळ्या चालू आहेत, आधी कोणती ऑपरेशनं झाली. जुना केसपेपर आणि गोळ्यांची रिकामी पाकिटं सोबत घ्या.

इथे मुलीचा खरा उपयोग घरी आल्यावर आहे. 1-0-1 म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. ओडी म्हणजे दिवसातून एकदा, बीडी दोनदा, टीडीएस तीनदा, एचएस रात्री झोपताना, एसओएस म्हणजे त्रास झाला तरच. तिने प्रत्येक पाकिटावर मार्करने सूर्य आणि चंद्र काढून द्यावेत. आईला वाचता येत नसलं तरी हे चुकत नाही. मात्र पाकिट कापून गोळ्या सुट्या करू नका, औषधाचं नाव आणि मुदतीची तारीख त्यावरच असते.

“मला स्पेस पाहिजे”, “मी डिप्रेस्ड आहे” असं मुलगी म्हणते. म्हणजे नक्की काय?

ज्या आईने दहा बाय बाराच्या खोलीत संसार केला, तिला ‘स्पेस’ म्हणजे जागाच ऐकू येते, आणि ती म्हणते, “आम्ही सात जणं राहत होतो एवढ्यात.” लेकीला म्हणायचं असतं की थोडा वेळ मला कुणी काही विचारू नका.

मुलींनो, शब्दाऐवजी मागणी सांगा. “आल्यावर अर्धा तास मला काही विचारू नकोस, मग मी स्वतः चहा टाकते.” हे आईला लगेच कळतं. “टॉक्सिक”, “बाउंड्री”, “ट्रिगर” या शब्दांनी आईच्या मनात काहीच उभं राहत नाही; ते शिव्यांसारखे लागतात.

आणि आईकडे शब्द नसतात असं समजू नका. जीव घाबराघुबरा होतो, अन्न गोड लागत नाही, कशात मन रमत नाही, डोकं जड झालंय, छातीत धडधडतं. मानसोपचाराच्या ओपीडीत डॉक्टर नेमकं हेच विचारतात: भूक कशी आहे, झोप कशी आहे, मन लागतं का. आईची भाषा शरीरातून बोलते. तू म्हणालीस, “आई, पंधरा दिवस झाले, अन्न गोड लागत नाही गं,” तर ती हातातली भाजी खाली ठेवेल.

आयांनी काय करावं? “आज काय झालं?” असं विचारू नका, उत्तर “काही नाही” हेच असतं. “आज डबा कुणी कुणी खाल्ला?” असं विचारा. समोरासमोर बसवून विचारू नका. मेथी निवडताना, गाडीत बायकांच्या डब्यात शेजारी बसल्यावर विचारा. नजर भिडत नाही तेव्हा बोलणं सोपं जातं. तिने सांगितलेलं त्याच संध्याकाळी फोनवर मावशीला सांगू नका. एका खोलीच्या घरात ते तिला ऐकू जातं, आणि दार पुन्हा उघडायला वर्षं लागतात.

पाळीत ‘बाजूला बसायचं’ यावरून दर महिन्याला भांडण होतं.

तब्येत आणि रीत यांची गाठ आधी सोडवा.

तब्येतीत तडजोड नाही. पॅड चार ते सहा तासांनी बदलायचा. कापड वापरत असाल तर धुऊन उन्हात वाळवायचं. लाजेपोटी ते दुसऱ्या कपड्यांखाली दडवून वाळत घालतात. मुंबईच्या पावसाळ्यात ते ओलसरच राहतं आणि त्यातून खाज आणि जंतुसंसर्ग होतो. पंधरा वर्षं होऊनही पाळी आली नाही, सात दिवसांच्या वर चालली, किंवा तासा-दोन तासांत पॅड भिजला, तर डॉक्टरकडे जायचं. परीक्षा किंवा क्लास बुडवायचा नाही.

रीतीचं बोलणं पाळी नसताना करा. आईने हे स्वतः सोसलेलं असतं, नाही पाळलं तर घराला काही होईल ही धास्ती खरी असते, आणि “हे सगळं फालतू आहे” या एका वाक्याने तिची सगळी वर्षं फालतू ठरतात. बऱ्याच घरांत तोडगा असा निघाला आहे: मुंबईच्या घरात शिवाशिव नाही, देवाची पूजा आई करेल, गावी आजीसमोर काय करायचं ते निघण्याआधी ठरवायचं, तिथे जाऊन नाही. तोडगा लेकीलाही मान्य हवा, नुसता आईच्या सोयीचा नको.

गावी गेलं की मुलीचं वागणं उद्धट वाटतं, असं सगळे म्हणतात.

बहुतेक वेळा दोनच गोष्टी नडतात. एक म्हणजे ‘तू’. इंग्रजीच्या सवयीने मुली आईला म्हणतात तसंच चुलत्यालाही ‘तू’ म्हणतात. आईला, आजीला ‘तू’ चालतं. काका, मामा, आत्याचे यजमान, बहिणीच्या सासरचे यांना ‘तुम्ही’. दुसरं म्हणजे सगळ्यांना ‘आंटी’. मावशी, आत्या, काकू, मामी यांचे मान वेगळे असतात. आत्याला काकू म्हटलं तर तिचं माहेरपण गेलं.

निघण्याच्या आठवड्यात लग्नाचा अल्बम काढा. फोटोवर बोट ठेवून “ही माझी कोण, तुझी कोण” एवढाच खेळ रोज दहा मिनिटं. जाऊ, नणंद, दीर, भावजय हे शब्द त्यात आपोआप येतात.

आईला मी पाठवलेले मेसेज वाचता येत नाहीत.

तू मराठी रोमन लिपीत लिहितेस. आई चौथी-सातवी शिकलेली असेल तर तिला देवनागरी वाचता येते, ‘एबीसीडी’ नाही. तुझ्या फोनवर जीबोर्डच्या सेटिंगमध्ये भाषा निवड, कीबोर्ड जोड, मराठी घे आणि त्यातला इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहायचा पर्याय लाव. तू रोमनमध्येच टाइप करशील, अक्षरं देवनागरीत उमटतील. तिच्या फोनवर मराठी कीबोर्ड लावून माइकचं बटण दाखव: ती बोलेल, फोन लिहील. बोलीतले शब्द फोन चुकवतो, ते सुधारत बसू नकोस. व्हॉट्सॲपच्या चॅट सेटिंगमध्ये अक्षर मोठं कर. आईला वाचताच येत नसेल तर आवाजी मेसेज पाठव, पण पहिल्याच वाक्यात मुद्दा सांग. “आई, मी ठीक आहे, उशीर होईल” हे आधी, कारण नंतर. उलट सांगितलंस तर कारण ऐकेपर्यंत तिचा जीव टांगणीला लागतो.

आमची घरची भाषा मराठी नाही, बंजाऱ्यांची गोरमाटी आहे. मुलीला मराठी शिकवू की गोरमाटी?

दोन्ही. मराठी शाळेत आणि रस्त्यावर मिळते, गोरमाटी तुमच्याशिवाय कुठेच नाही. आईला ‘याडी’ म्हणून हाक मारणारी मुलगी मराठीत मागे पडत नाही. तेलुगू, कन्नड, वडारी बोलणाऱ्या घरांनाही हेच लागू.

बोलणंच बंद झालं आहे. कुठे मदत मिळेल?

14416 हा मनाच्या त्रासासाठीच्या टेलिमानस सेवेचा सरकारी नंबर आहे, मोफत, चोवीस तास, मराठीतून. अठराच्या आतल्या मुलींसाठी 1098, स्त्रियांसाठी 181. केईएम, सायन, नायर या रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. मुलगी जिवाचं बरंवाईट करण्याचं बोलत असेल तर “नाटक करते” म्हणू नका. त्याच दिवशी जा आणि तिला एकटं सोडू नका.

आईची बोली, तिच्या ओव्या, गोष्टी जपून ठेवायच्या आहेत. कसं करू?

फोनचा रेकॉर्डर पुरतो. फोन जमिनीवर किंवा टेबलावर नुसता ठेवू नकोस, खडखड येते. टॉवेलची घडी करून त्यावर आईपासून हातभर अंतरावर ठेव. पंखा आणि टीव्ही बंद, कुकर आधीच उतरवलेला. फोन एअरप्लेन मोडवर, नाहीतर मध्येच कॉल येतो आणि रेकॉर्डिंग तुटतं. एका वेळी वीस मिनिटं पुरे.

“तुझं बालपण सांग” असं म्हणालीस तर आई म्हणेल, “काय सांगू, होतं आपलं.” छोटं विचार. माहेरच्या घरात उंबरा ओलांडला की आधी काय दिसायचं? पाणी कुठून आणायचात, किती खेपा? मुंबईला पहिल्यांदा आलीस तेव्हा कोणत्या स्टेशनवर उतरलीस, हातात काय होतं? जन्मतारीख विचारलीस तर कागदावरची 1 जून सांगेल, कारण शाळेत मास्तरांनी तीच घातलेली असते. “पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी” हे खरं उत्तर त्याच्या मागे असतं, थोडं थांबलीस की येतं.

ती जात्यावरची ओवी म्हणायला लागली आणि मध्येच अडली तर शब्द पुरवू नकोस. हाताला चाळा लागतो. तांदूळ निवडायला दिलेस तर पुढची ओळ बऱ्याचदा आपोआप येते. न कळलेला शब्द मध्येच विचारू नकोस, वेळ टिपून ठेव आणि शेवटी विचार. फाइलला तारीख, गाव आणि विषय असं नाव दे. एक प्रत फोनबाहेर पेनड्राइव्हवर ठेव. लिहून काढताना ‘पानी’चं ‘पाणी’ करू नकोस.